परत धाडलेली पोस्टकार्डं

आजकालच्या पोरांचं अक्षर बिघडलं म्हणून गळा काढणारं कोणी भेटलं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शाळेची नोकरी सुटून मला बरीच वर्षं झाली, तरी हस्ताक्षर स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलवायला दर वर्षी कोणीतरी दारात उभं राहतं. "बाई, तुमच्यासारखं अक्षर आता राहिलं नाही. इंग्रजीची रनिंग लिपी तर या पोरांना वाचतासुद्धा येत नाही," असं म्हणून चेहरा पाडतात. मी त्यांना चहा विचारत नाही. नाही राहिलं तर नाही राहिलं. आमच्या घरात त्या अक्षरानं जे केलं ते पाहता ते पंधरा-वीस वर्षं आधीच मरायला हवं होतं.

म्हातारी तिरसट झाली असं लोक म्हणतात. झालेच आहे. पण तिरसटपणाला कारण आहे, ते एकदा लिहून टाकते, आणि मुद्दाम बॉलपेननं लिहिते.

आमचं घर मोहाडीतलं, मागावर बसणाऱ्यांचं. आजोबा लुगडी विणायचे. काठात एक धागा चुकला तर वीतभर विणलेलं उसवून पुन्हा बसायचे. बाबांनी मागाचा धोटा सोडला आणि टाक धरला. ते प्राथमिक शाळेत गुरुजी झाले. स्वभाव मात्र बापाचाच घेतला. आजोबांनी जे काठाला लावलं ते बाबांनी अक्षराला लावलं. फरक एवढाच की आजोबा स्वतःचं विणलेलं उसवायचे आणि बाबा दुसऱ्याच्या पोरांना सोलायचे.

पाचवीत इंग्रजी सुरू झालं की आधी चार लिप्या शिकाव्या लागत. छापील मोठी, छापील लहान, मग हातची मोठी आणि हातची लहान. या शेवटच्या दोन म्हणजे रनिंग. चार रेघांची वही, दौत, टाक, आणि नियम असा की एकदा टाक टेकवला की शब्द संपेस्तोवर उचलायचा नाही. मधेच उचलला तर बोटांच्या पेरांवर पट्टी. उभी पट्टी, आडवी नव्हे. मराठीतही वरची रेघ पट्टी न लावता सरळ यायला हवी. "ज्याचं अक्षर वाकडं तो माणूस वाकडा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हे वाक्य म्हणत त्यांनी किती सरळ पोरांची बोटं सुजवली याची गणती नाही.

मी त्यांची थोरली. माझं अक्षर त्यांच्या मनासारखं आलं. तहसील कचेरीत इंग्रजी अर्ज द्यायचा असला की लोक आमच्या ओसरीवर यायचे आणि बाबा मला हाक मारायचे. मी फ्रॉक घालून पाटावर बसायची, वळणं काढायची आणि बायाबापडे तोंडाचा आ करून पाहायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं. पुढे मी मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले, लग्नही गावातच झालं, चार घरं सोडून. बोटांवर उभी पट्टी मारायला मीही शिकले.

माझी धाकटी बहीण माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आठ वर्षांत जग बदललं होतं. ती पाचवीत गेली तेव्हा बाजारात बॉलपेन आलं होतं, आणि आठवड्याच्या बाजारात ते बांगड्यांच्या दुकानातसुद्धा मिळायला लागलं होतं. बाबांनी एकदा सगळ्या वर्गाची बॉलपेनं गोळा करून शाळेच्या विहिरीत टाकली. दुसऱ्या आठवड्यात पोरांनी नवी आणली. तिसऱ्या वर्षी हेडमास्तरच हजेरीवर बॉलपेननं सही करायला लागले आणि बाबा लढाई हरले. शाळेत हरले म्हणून घरात दुप्पट चेव आला.

आणि घरात होती ती. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. इंग्रजी रनिंग तिला कधी जमलंच नाही, मॅट्रिकच्या पेपरातसुद्धा तिनं छापील लिहिलं. मराठी लिहिताना वरची रेघच मारायची नाही. ती बोलायची भरभर आणि लिहायचीही तशीच, एक शब्द दुसऱ्यावर चढलेला. बाबा म्हणायचे, "डोक्यावर रेघ नाही अन् डोक्यावर पदर नाही, दोन्ही सारखंच." ती उलटून म्हणायची, "रेघा मारत बसू, का सांगाचं हाये ते सांगू?" यावर एक थोबाडीत ठरलेली. तिचं लिहिलेलं सगळ्या घरात मला एकटीला वाचता यायचं, कारण मी तिचा अभ्यास घेतला होता. तिचा आवाज कानात धरला की शब्द आपोआप सुटे व्हायचे.

ती मॅट्रिक पास झाली आणि स्थळं पाहणं सुरू झालं. सानगडीहून एक पत्र आलं. कापडाचं दुकान असलेलं घर, मुलगा दुकानातच बसणारा. पत्र मुलाच्या बापानं लिहिलेलं. लिफाफ्यावर बाबांचं नाव आणि पत्ता इंग्रजी रनिंगमध्ये, एकदाही हात न उचललेला. आत मराठी, वरची रेघ सुतासारखी सरळ. बाबा त्या लिफाफ्यावर भाळले. मुलीपेक्षा बापाचंच लग्न ठरतंय की काय असं वाटावं इतके भाळले.

"पोरगा कसा हाये?" मायनं विचारलं. मायला अक्षरओळख नव्हती.

"हे अक्षर पाह्य," बाबा म्हणाले.

"मी अक्षर काय पाहू जी? पोरगा कसा हाये, सासू कशी हाये, कोणाले इचारलं का?"

"ज्याची रेघ इतकी सरळ, त्याच्या घरात वाकडं काय असन?"

स्थळ आलं की आमच्याकडे दोन माणसं त्या गावात जातात, शेजारीपाजारी बसतात, विहिरीवरच्या बायांना विचारतात. शेतकऱ्याच्या घरातला अडाणी माणूससुद्धा हे करतो. आमच्या शिकलेल्या घरात कोणी गेलं नाही. पत्राच्या अक्षरावर पोरगी दिली. मीही बाबांच्याच बाजूनं बोलले, म्हणाले, सुसंस्कृत माणसं दिसतात.

पाहायला आले तेव्हा पत्र लिहिणाऱ्या त्या गृहस्थांनी रिवाजाप्रमाणे कागद पुढे केला, "नाव, पत्ता लिही पोरी." तिनं लिहिलं. त्यांनी कागद जरा लांब धरून पाहिला आणि गोड हसले. "हरकत नाही गुरुजी. आमच्या घरी वळण लागेल." बाबांची मान खाली गेली. माझीही. बहीण तेवढी सरळ समोर पाहत होती, आणि त्याचाही मला राग आला.

लग्न झालं. सानगडी काही परदेश नव्हे, पण भंडाऱ्याला गाडी बदला, साकोलीला बदला, दिवस जातोच. सगळी भिस्त पोस्टकार्डांवर. तिचं पहिलं कार्ड आलं. तेच कोंबडीचे पाय. मी वाचून दाखवलं: घर मोठं आहे, नणंद तिच्याच वयाची आहे, दुकानाच्या मागे राहतात, मायच्या हातच्या कढीची आठवण येते. माय पदर डोळ्यांना लावून ऐकत होती. वाचून संपल्यावर बाबांनी कार्ड माझ्या हातून घेतलं, लाल शाईची दौत काढली आणि तिच्या प्रत्येक शब्दावर वरची रेघ मारत गेले. अख्ख्या कार्डावर. मग खाली लिहिलं, 'दहा वेळा गिरवून पाठव', लिफाफ्यात घातलं आणि परत धाडलं.

मी हसले. मला ते मजेचं वाटलं. आपल्या शाळेतही मी मैत्रिणींना सांगितलं की बाबांनी लेकीचं सासरचं पत्र तपासलं. दुसरं कार्ड आलं, तेही लाल होऊन गेलं. तिसरंही. लिफाफा सानगडीच्या दुकानात कोणाच्या हातात पडत असेल, आणि तो फोडून कोण वाचत असेल, हा विचार एवढ्या हुशार घरात एकाच्याही डोक्यात आला नाही.

मग तिच्या सासऱ्यांचं पत्र आलं, अर्थातच मोत्यासारखं, की सूनबाईला दिवस आहेत, सर्व कुशल आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात पोरीला आणायचं, ही आमची रीत. माय दिवस मोजायला लागली. सातवा लागला, बाबांनी न्यायला येतो म्हणून लिहिलं, त्यांचं उत्तर आलं की धान कापणी होऊन जाऊ द्या, सध्या दुकानात गर्दी आहे, मागाहून पाठवू. बाबा म्हणाले, एवढ्या व्यवस्थित लिहिणाऱ्या माणसाशी घासाघीस शोभत नाही.

त्याच सुमाराला तिचं चौथं कार्ड आलं. मी सहामाहीचे पेपर तपासत बाबांच्या ओसरीवर बसले होते. हे कार्ड आधीच्यांहून वाईट होतं. ओळी उतरत गेलेल्या, शेवटी जागा पुरली नाही म्हणून कडेनं उभं लिहिलेलं, बॉलपेन मधेच वाळलेलं. बाबांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, आणि माझ्यापुढे केलं. "वाच तं काय लिवलं हाये."

माझ्यापुढे पन्नास पोरींचे पेपर होते आणि पन्नासांचं अक्षर बॉलपेनचं. डोकं उठलं होतं. मी कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "मी वाचून देते म्हणूनच ती सुधरत नाही बाबा. करा परत. नीट लिहिल्याशिवाय वाचायचं नाही असं एकदा ठरवा."

बाबांना हे पटलं. त्यांनी लाल दौत उघडली. मायनं चुलीपासून विचारलं, "काय लिवलं पोरीनं?" बाबा म्हणाले, "काही नाही. घाण." रेघा मारता मारता कार्डावर लालच लाल झालं होतं, ते मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं, आणि मी एका पोरीचे अक्षराचे दोन गुण कापत होते.

पंधरा दिवसांनी आंतरदेशीय पत्र आलं. खाली बहिणीचं नाव. आणि अक्षर असं की बाबा उठून उभे राहिले. वरची रेघ सरळ, वेलांट्या भरीव, पत्ता इंग्रजी रनिंगमध्ये. "पाह्य! पाह्य!" ते मला बोलवायला स्वतः माझ्या घरी आले. "लाल शाईचा गुण आला! अन् वळण पाह्य, हुबेहूब सासऱ्याचं. त्यांच्या हाताखाली शिकली पोरगी." वळण सासऱ्याचं आहे हे त्यांना दिसलं होतं. दिसून त्यांनी त्याचा हा अर्थ काढला. मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ते पत्र त्यांनी शाळेत नेलं, सातवीच्या वर्गाला दाखवलं, आणि सांगितलं की बघा, मनावर घेतलं की माझ्या मुलीसारखी मुलगीसुद्धा सुधरते.

संध्याकाळी मी ते मायला वाचून दाखवलं. तीर्थरूप मातोश्रींच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. येथील सर्व मंडळी माझी फार काळजी घेतात. माझी प्रकृती उत्तम आहे. मला नेण्याची घाई करू नये. ताईस नमस्कार.

माझी बहीण मला जन्मात ताई म्हणाली नव्हती. आमच्याकडे थोरलीला बाई म्हणतात, ती मला बाई म्हणायची. मला ते खटकलं आणि मी ते सोडून दिलं. म्हटलं, सासरी चांगलं बोलायला शिकली.

मायनं पत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं. मग म्हणाली, "हे माह्या पोरीचं नोहे."

"अवं, नाव हाये खाली तिचं," बाबा म्हणाले.

"नाव असन. बोलणं तिचं नोहे. थे मले मातोश्री म्हणन का? सातवा सरून आठवा लागला अन् पोरगी म्हणते, नेऊ नका? मले कढी मांगत होती थे."

"तुले लिवण्यातलं काय समजते? गप बस."

"लिवण्यातलं नाही समजत. पोरीतलं समजते," माय म्हणाली. सकाळी तिनं चार भाकरी बांधल्या आणि मोटरस्टँडवर गेली. बाबा रागानं सोबत गेले नाहीत. मला शाळा होती. आयुष्यात एकटी कधी शेजारच्या वरठीपलीकडे न गेलेली बाई, पाट्या वाचता येत नाहीत, कंडक्टरला विचारत विचारत भंडाऱ्याला उतरली, साकोलीला उतरली, आणि दुपार कलताना सानगडीच्या त्या दुकानात जाऊन उभी राहिली.

बहीण मागच्या खोलीत पडलेली होती. पाय सुजून खांबासारखे, तोंड सुजलेलं, डोकं फुटायला आलेलं, डोळ्यांपुढे काजवे. सासूचं म्हणणं, पहिलटकरणीचे नखरे आहेत. माय भांडली नाही. गावातल्या कोणाची तरी बैलबंडी आणवली, पोरीला साकोलीपर्यंत आणलं आणि तिथून भंडाऱ्याच्या दवाखान्यात. आम्हाला निरोप आला तेव्हा आम्ही पोचलो. तिसऱ्या दिवशी बाळ झालं, ते मेलेलंच झालं. मुलगी होती. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस आधी आणायचं.

खाटेवर बहिणीनं मला सांगितलं, चौथ्या कार्डात काय होतं ते. पाय सुजले आहेत, दिसत नाही नीट, इथं कोणी दवाखान्यात नेत नाही, मले घेऊन जा. बाई हे वाचून दाखवेल म्हणून घाईघाईनं, दुकानातल्या माणसांची नजर चुकवून लिहिलं होतं. ते लाल होऊन परत गेलं आणि सासऱ्याच्या हातात पडलं. सासरा तिला म्हणाला, "तुह्या बापालेच तुह्य लिवलेलं वाचाचं नाही." मग तिचं पेन काढून घेतलं. पुढचं पत्र नणंदेनं लिहिलं. नणंद त्याच्याच हाताखाली शिकलेली होती.

हे सगळं बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे राहून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "नीट लिवलं असतं तं वाचता नसतं आलं का?"

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. आणि त्याहून वाईट हे, की माझ्याही मनात नेमकं तेच वाक्य येऊन गेलं होतं. ते त्यांनी बोलून दाखवलं, मी गिळलं, एवढाच काय तो आमच्यातला फरक.

बहीण परत सानगडीला गेली नाही. माय तिच्या आणि बाबांच्या मधे भिंतीसारखी उभी राहिली. बहीण घरात राबायची, शिवणयंत्रावर बसायची, शेजारणींशी हसायची. लिहायची नाही. वाण्याची यादीसुद्धा तोंडी सांगायची. आधी मी लक्ष दिलं नाही. मग एकदा म्हटलं, "अगं, शिवायची मापं तरी लिहून ठेव." ती म्हणाली, "ध्यानात राहतात." आणि मशीनचं चाक फिरवलं.

अशी पाच-सहा वर्षं गेली. एव्हाना शाळेतून टाक-दौत गेली होती, सुलेखनाचा तासही गेला होता, बाबा रिटायर झाले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अक्षराचं रडगाणं ऐकवत ओसरीवर बसत होते. रेशनकार्डावर बहिणीचं नाव पुन्हा चढवायचं होतं, म्हणून आम्ही चौघं मोहाडीच्या तहसील कचेरीत गेलो. फॉर्म मी भरला होता. कारकून बाबांचा जुना विद्यार्थी; गुरुजी म्हणून खुर्चीतून उठला, बाबांना बसायला दिलं. फॉर्म बहिणीपुढे सरकवून म्हणाला, "इथं सही करा."

"शाईचा पॅड द्या," ती म्हणाली. "अंगठा लावतो."

तो हसला. "काहून मजाक करून राहिल्या? गुरुजीची पोरगी अन् अंगठा? तुमी तं मॅट्रिक हाव ना?"

"मले लिवता येत नाही. गुरुजीनंच सांगतलं. चार खेपा."

आवाज चढलेला नव्हता. रांगेतली माणसं बघायला लागली. कारकुनानं बाबांकडे पाहिलं. बाबा टेबलाच्या कडेकडे पाहत होते. त्यानं मुकाट्यानं पॅड काढला. तिनं डावा अंगठा टेकवून फॉर्मवर दाबला, चांगला जोर देऊन.

"आता अंगठ्याले वळख लागते," तो चाचरत म्हणाला. "ही बाई थेच हाये, मी वळखतो, असं लिवून कोणीतरी सही कराची."

बाबांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला.

"तुमी नोका करू बाबा," ती म्हणाली. "माय वळखते मले. मायची घ्या."

माय पुढे झाली. कारकून अजूनच ओशाळला. "मायले सही येते का जी?"

"नाही."

"मंग कसं चालन? लिवता येणारं माणूस पाह्यजे. कायदाच हाये तसा."

तेव्हा बहीण माझ्याकडे वळली. नुसती पाहत राहिली, आणि मला वाटलं मी तिथून पळून जावं. पण रांग होती, सगळे थांबले होते. मी पेन घेतलं आणि तिच्या अंगठ्याच्या शेजारी लिहिलं की अंगठा लावणारीस मी जातीनं ओळखते. खाली सही केली.

कारकुनानं फॉर्म उचलून डोळ्यांसमोर धरला. "वा बाई," तो म्हणाला, "अक्षर असावं तं असं."